आडवा आठ

डलूथला दुकान आहे माझं. फेब्रुवारीत
तलाव इतका गोठतो
की लोक त्यावर ट्रक नेतात,
भोक पाडून मासे धरत बसतात.
आत हीटरपाशी तीन पोरं.
एमेट हाउगन, वय तेरा, ओठ फुटलेले,
काउंटरवर मूठ आपटून सांगतो,
"ग्राव्हेनची ताकद अनंत."
आणि काचेवरच्या वाफेत बोटानं
एक आडवा आठ काढतो, पुरावा म्हणून.

टॉयव्हो वर कडी करतो,
"तिमालाची अनंत अधिक एक."
"मग गुणिले अनंत!"
"अनंताचा अनंत घात!"
पालिकेचा ट्रक रस्त्यावर मीठ फेकतो
तसा ते हा शब्द फेकतात.
मोजायचं कुणी, आणि कशाला.

मी तेवीस वर्षं कॉमिक्स विकतोय.
ताकद कशावर ठरते, मला विचारा.
लेखकाचं घरभाडं थकलंय का, त्यावर.
उन्हाळ्यात सिनेमा येतोय का, त्यावर.
आणि बत्तिसाव्या पानापुढे
कुठल्याच देवाला ठोसा मारता येत नाही.
पण मी बोललो नाही. गिऱ्हाईक आहेत.

बोलल्या त्या बर्निस ओडेगार्ड,
शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या,
नातवासाठी जुने अंक धुंडाळत होत्या.
"समजा, हे खोकं कधी संपतच नाही.
पहिला अंक दुसऱ्याच्या जागी सरकव,
दुसरा तिसऱ्याच्या, असे सगळे.
पुढे एक जागा झाली ना? घाल तुझा एक.
आता सांग, खोकं वाढलं का?"

टॉयव्होनं खोक्याकडे पाहिलं.
इतका जपून आणलेला त्याचा एक
चहात साखर पडावी तसा गेला.

"म्हणजे सगळे अनंत सारखेच," एमेट खूश.

तेव्हा डेल्फीन लागार्ड,
जी तासभर नखं कुरतडत होती,
एक पावती उलटी करून म्हणाली,
"ग्राव्हेनचे सगळे डाव लिही.
डावा ठोसा, उजवा ठोसा. न संपणारे."

डा उ उ डा…
उ उ डा उ…
डा डा डा उ…

ती तिरपी उतरत गेली.
पहिल्या ओळीतला पहिला ठोसा उलटा केला,
दुसरीतला दुसरा, तिसरीतला तिसरा.
उ, डा, उ.
"हा डाव पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही.
कितीही खाली जा. तुझ्या यादीत हा नाहीच."

बंदराकडे खनिजाची मालगाडी चालली होती.
तिचे सगळे डबे जाईपर्यंत
कुणी काही बोललं नाही.

"कुणी शिकवलं गं हे?" बाईंचा आवाज जरा घोगरा.
तिनं खांदे उडवले.
"माझ्या भावाकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते.
मी त्याच्या दर ओळीला
एकदाच नाही म्हणते. तेवढं पुरतं."

"म्हणजे तिमाला जिंकली!" टॉयव्हो उडालाच.
"नाही रे राजा," बाई म्हणाल्या,
"यादीबाहेर राहणं म्हणजे ठोसा नव्हे."
पण तोवर दोघं पुन्हा जुंपले होते,
आता म्हणे कुणाचा अनंत जास्त मोठा.
बाईंनी हात टेकले, टोपी चढवली,
आणि डेल्फीनला आपला फोन नंबर दिला,
दहा आकडी.

सहाला बंद करतो मी.
एमेटकडे चार डॉलर सव्वीस सेंट निघाले,
अंक चार नव्व्याण्णवचा.
उधारीच्या वहीत त्र्याहत्तर सेंट लिहिले.
त्यानं सही केली, मोठ्या माणसासारखी.

सकाळी काचेवरचा आठ
मधोमध ओघळून तुटला होता,
शेजारी शेजारी दोन शून्यं.
मी फडक्यानं पुसली.
पावती गल्ल्यात ठेवलीय.
त्र्याहत्तर सेंट अजून यायचे आहेत.